मशरूमचं पाणी आणि आईचा ओटा

ताई, सप्रेम नमस्कार.

माझं वय ३५. लग्नाला सात वर्षं झाली. डोंबिवलीत टू बीएचकेमध्ये आम्ही पाच जण राहतो: आई-बाबा, आम्ही दोघं आणि पाच वर्षांची मुलगी. बायको दादरला नोकरी करते, रात्री साडेआठच्या सुमारास घरी येते. पुढच्या शुक्रवारी तिचा वाढदिवस आहे. दरवर्षी आम्ही सगळे हॉटेलात जातो. तिथे बाबांना एसी सोसत नाही आणि मुलगी अर्धा वेळ टेबलाखाली असते. यंदा घरीच, फक्त आमच्या दोघांसाठी, तिला आवडतो तो मशरूम पास्ता करून तिला सरप्राइज द्यावं असं मनात आहे.

अडचणी दोन. मागच्या महिन्यात घरात कुणी नसताना एकदा करून बघितला, तर मशरूमला राखाडी पाणी सुटलं, त्यात क्रीम घातल्यावर त्याची पेज झाली आणि पास्त्याचा गोळा झाला. दुसरी अडचण आई. ती शाकाहारी आहे आणि मशरूम शेणाखतात उगवतं म्हणून ओट्यावर येऊ देत नाही. पनीर आहे असं सांगून टाकू का? की आई-बाबांना त्या रात्री बदलापूरला बहिणीकडे पाठवू? मेणबत्त्या, वाईन वगैरे करावं का? आमच्यासारख्या घरात असं काही रोमँटिक जमतं तरी का?

– एक डोंबिवलीकर नवरा

प्रिय डोंबिवलीकर,

जमतं. तुम्ही अडचणी दोन लिहिल्यात, पण मला त्यांच्याआधी खटकली ती तुमची सरप्राइजची कल्पना.

साडेआठला घरी पोचणाऱ्या बाईच्या डोक्यात रात्रीचं जेवण दुपारी डबा खातानाच सुरू झालेलं असतं. कणीक आहे का, भाजी कुठली, उद्या मुलीच्या डब्याला काय. सात वाजता ती दादरहून फोन करेल, 'येताना काही आणू का?' तुम्ही गालातल्या गालात हसत 'काही नको' म्हणाल, ती त्यावर अजिबात विश्वास ठेवणार नाही आणि स्टेशनबाहेरून मेथीची जुडी घेऊन येईल. मग वाढदिवसाच्या रात्री ती मेथी निवडणार कोण? म्हणून गुरुवारी रात्रीच तिला स्पष्ट सांगा: 'उद्या रात्रीचं सगळ्यांचं जेवण माझ्याकडे. तू काही आणायचं नाहीस, काही बघायचं नाहीस.' काय करणार ते हवं तर गुपित ठेवा. तेवढं गुपित भरपूर झालं.

'सगळ्यांचं' म्हटलंय ते लक्षात आलं ना? तुम्ही दोघांसाठी पास्ता करणार आणि बाकी तिघांसाठी तुमची आई पोळ्या लाटणार, असं झालं तर शुक्रवारची रात्र संपायच्या आतच तिची किंमत कुणीतरी मोजायला लागेल. आणि ती बहुतेक तुमच्या बायकोलाच मोजावी लागेल.

आता आईंबद्दल. पनीर अजिबात सांगू नका. ज्यांनी जन्मभर स्वयंपाक केलाय त्यांना परतलेल्या मशरूमचा वास बैठकीच्या खोलीत बसूनही कळतो. खोटं उघडं पडलं की ते तुमच्या नावावर राहणार नाही. 'हिच्या जिभेपायी माझा मुलगा माझ्याशी खोटं बोलायला लागला,' असंच ते लिहिलं जाईल. तुम्ही पुरुष लोक या गोष्टी 'आई काय, दोन दिवसांनी विसरते' म्हणून सोडून देता. त्या दोन दिवसांत घरात सुनेला किती भांडी आपटलेली ऐकू येतात, ते तिला विचारा.

सांगायचं ते असं: 'आई, शुक्रवारी मी मशरूम करणार आहे. मला करायचंय. कढई वेगळी आणलीय, झारा वेगळा आहे, नंतर ओटा मी धुऊन पुसून देईन.' यात परवानगी मागितलेली नाही आणि 'हिला आवडतं म्हणून' हेही कुठे नाही. ते चुकूनही घालू नका. महाराष्ट्रात कितीतरी मिश्र घरांत सामिष स्वयंपाकाची भांडी वेगळी असतात, काही ठिकाणी शेगडीही वेगळी असते, आणि पिढ्यान् पिढ्या ते सुरळीत चाललेलं असतं. तुमच्या आईला वेगळी कढई ही भाषा कळेल. 'त्यात काय एवढं, जग खातं' ही भाषा कळणार नाही, आणि का कळावी?

शिवाय त्यांचं म्हणणं सपशेल चूक नाही. दुकानात प्लॅस्टिकच्या पुड्यांत मिळणारी पांढरी बटण मशरूम कंपोस्टवरच वाढवतात. गव्हाचं काड, कोंबडीखत, जिप्सम हे सगळं कुजवायचं, त्यातले घातक जंतू मरतील इतकं वाफेवर तापवायचं आणि मग त्यात मशरूमचं बियाणं पेरायचं. खत असतं, पण नासकं नसतं. धिंगरीची गोष्ट वेगळी. शिंपल्यासारखी पसरट, फिकट राखाडी असते ती. ती नुसत्या भाताच्या किंवा गव्हाच्या काडावर वाढते. काड भिजवायचं, गरम पाण्यातून काढायचं, पिशव्यांत भरून टांगायचं. शेण नाही, खत नाही. आईंना हे सांगून बघा. त्या खातील असं मी म्हणत नाही, पण निदान ओट्यावरून हाकलणार नाहीत. बरं, भीती तरी कुठून आली? कोकणात नि गोव्यात पावसाळ्यात वारुळावरची अळंबी लोक जीव टाकून खातात, आणि त्याच पावसात उगवलेल्या बाकी सगळ्या छत्र्यांना 'कुत्र्याची छत्री' म्हणून लाथाडतात. विषारी नि खायची यांत फरक करणं भल्याभल्यांना जमत नाही, आणि काही विषं कितीही शिजवलं तरी जात नाहीत. त्या भीतीनं माणसं वाचली आहेत. तेव्हा हसू नका.

आई-बाबांना बदलापूरला धाडण्याचा विचारही सोडा. सुनेच्या वाढदिवसाला घराबाहेर काढलं, ही गोष्ट नात्यातल्या प्रत्येक लग्नात निघेल. वयस्कर माणसं तशीही लवकर जेवतात. शुक्रवारी साडेसहाला कुकरला मुगाची खिचडी लावा, पापड भाजा, लोणचं-तूप काढा, साडेसातला तिघांना वाढा. मुलीला मात्र खिचडीवर भागवू नका. तिला पास्त्याचा वास येणार आणि मग ती तुमच्या मध्ये खुर्ची ओढून बसणार. तिच्यासाठी मूठभर पास्ता आधीच उकडा, लोणी आणि किसलेलं चीज घाला, आणि आजी-आजोबांच्या पंगतीतच तिला तिचा 'वाढदिवसाचा पास्ता' द्या. नंतरचा तास आजीच्या गोष्टीचा. त्यासाठी आईंना आदल्या दिवशी विचारा, आयत्या वेळी नको.

हे सगळं झालं की मग स्वयंपाक.

तुमच्या मशरूमचं काय चुकलं ते न बघताही सांगता येतं. मशरूमच्या वजनात ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. तुम्ही छोट्या कढईत तेल घेतलं, लसूण टाकला, वरून सगळी मशरूम एकदम ओतली, मीठ घातलं. पाणी सुटलं, ते बघून घाबरलात आणि त्या पाण्यातच क्रीम ओतलंत. संध्याकाळी सहाच्या कल्याण लोकलमध्ये जसं कुणी कोरडं राहत नाही, तसं भरलेल्या कढईत मशरूमचंही होतं: एकमेकांच्या वाफेत सगळी घामाघूम.

यावर उपाय दोन आहेत. एक म्हणजे थोडी थोडी करून परतणं. त्याला सवय लागते. दुसरा उपाय नवशिक्याला जास्त बरा: पाणी सुटू द्यायचं, आटू द्यायचं आणि त्यानंतरच तेल घालायचं. मोठी, पसरट, जाड बुडाची कढई किंवा लंगडी घ्या. दोघांसाठी ४०० ग्रॅम मशरूम लागतील, म्हणजे २०० ग्रॅमच्या दोन पुड्या. एक बटणची आणि एक धिंगरीची मिळाली तर उत्तम, कारण धिंगरी लवकर खरपूस होते आणि बटण मशरूमचा रस चांगला असतो. विकत घेताना बटणची टोपी खालून मिटलेली बघा. खालच्या काळ्या पाकळ्या दिसायला लागल्या की ती जुनी झाली. पुडीत आतून पाणी जमलेलं असेल, हाताला बुळबुळीत लागत असेल तर ठेवून द्या. घरी आणल्यावर प्लॅस्टिक काढून कागदी पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा.

धुवायची का, यावर लोक उगाच वाद घालतात. नळाखाली भरकन धुवा, फडक्यानं पुसा. तेवढ्यात ती काही पाणी पिऊन फुगत नाहीत. फक्त चिरायच्या आधीच धुवा, धुऊन फ्रिजमध्ये ठेवू नका. बटणचे अर्ध्या सेंटिमीटरचे काप करा, देठासकट. धिंगरी हातानंच उभी फाडा. कागदासारखे पातळ काप करू नका, परतल्यावर ते सापडणारही नाहीत.

कढई कोरडीच चांगली तापवा. मशरूम घाला, चिमूटभर मीठ घाला, आच मोठी. मिनिटभरात पाणी सुटायला लागेल आणि कढईत रस्सा केल्यासारखं दिसेल. इथेच तुमचा धीर सुटला होता. काही करू नका. मध्ये एकदा हलवा, बस. मशरूम शिजून गळून जातील ही भीती मनातून काढा. त्यांच्या पेशींच्या भिंती कायटिनच्या असतात, तेच कायटिन कोळंबीच्या सालीतही असतं, आणि ते स्वयंपाकाच्या उष्णतेला दाद देत नाही. वांगं किंवा भोपळा एवढ्या वेळात लगदा होईल, मशरूम होत नाहीत. कान कढईकडे ठेवा. आधी खदखदण्याचा आवाज येईल, मग तो बारीक होत जाईल आणि मग चुरचुर सुरू होईल. ती चुरचुर म्हणजे पाणी संपलं. आता दोन चमचे तेल आणि चमचाभर लोणी घाला, पसरा आणि दोन मिनिटं झारा बाजूला ठेवा. सारखं हलवलं की रंग येत नाही. एका अंगानं तपकिरी झाली की उलथा. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि ४०० ग्रॅमची जेमतेम दीड वाटी उरते. कमी झाली म्हणून हळहळू नका, चव त्याच दीड वाटीत आहे.

मग आच बारीक. पाच-सहा पाकळ्या लसूण, ठेचलेला नको, काप केलेला. तो पांढरट सोनेरी राहायला हवा, लाल झाला की कडू. ताजी मिरपूड भरपूर. इटलीत तेल, लसूण आणि पार्सलीवर परतलेल्या अशा मशरूमना 'त्रिफोलाती' म्हणतात. पार्सली भाजीवाल्याकडे मिळाली तर घ्या. नाही मिळाली तर कोथिंबीर घालू नका, तिच्यापुढे मशरूमचं काही चालत नाही. वाळकं थाइम (सुगंधी पाला असतो तो) मिळालं तर चिमूटभर. तेही नसेल तर आपला ओवा आहे. थाइमचा वास ज्या थायमॉलमुळे येतो तेच ओव्यातही असतं. पण मोजून पाच-सहा दाणे चुरडून घाला, जास्त झाले तर जेवण पोटदुखीच्या औषधासारखं लागेल. आणि पिझ्झाबरोबर आलेल्या, फ्रिजच्या दारात दोन वर्षं साठवलेल्या ऑरेगॅनोच्या पुड्यांना त्या दिवशी हात लावू नका. त्या घातल्या की प्रत्येक पदार्थ कॉलेजच्या कँटीनचा होतो.

मशरूम इथपर्यंत करून, आच बंद करून, कढई झाकून तासभर ठेवता येते. तिला काही होत नाही. पास्ता मात्र पाच मिनिटंही थांबत नाही. तुमच्या संध्याकाळचं सगळं वेळापत्रक या एका गोष्टीवर बेतायचं.

पास्ता निवडताना पुडीच्या मागची बारीक अक्षरं वाचा, तिथे ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेलं हवं. इटलीत १९६७ पासून कायदाच आहे की सुका पास्ता ड्युरमचाच हवा. आपल्याकडे बन्सी रवा मिळतो तो याच जातीच्या गव्हाचा. मैद्याचा स्वस्त पास्ता उकळताना पिठूळ होतो. मागच्या वेळचा तुमचा गोळा बहुधा त्यामुळे झाला, नाहीतर पातेलं लहान होतं. आकार? मी पट्टीसारखा रुंद फेटुचिनी घेईन, त्याला मशरूम बिलगून राहतात. तुम्ही नळीसारखा पेने घ्या. तो नवशिक्याला माफ करतो आणि झाऱ्यानं उचलता येतो. स्पॅगेटी नको, मशरूम खाली राहतात आणि आधी नुसत्या शेवयाच खाव्या लागतात.

इटालियन घरांतला हिशोब सोपा आहे: १०० ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ. तुम्हा दोघांना १८० ते २०० ग्रॅम सुका पास्ता, दोन लिटर पाणी, तीन सपाट चहाचे चमचे मीठ. पाण्यात तेल घालू नका. तेलानं पास्ता सुटा होत नाही, उलट बुळबुळीत होऊन सॉस निसटतो. पाणी खळखळायला लागलं की पास्ता टाका आणि पहिली दोन मिनिटं ढवळत राहा, गोळा व्हायचा तो याच दोन मिनिटांत होतो. पुडीवर ११ मिनिटं लिहिलं असेल तर नऊ मिनिटांनी एक तुकडा चावून बघा. मध्ये किंचित कणी लागली पाहिजे. तिथेच तो झाऱ्यानं उचलून थेट मशरूमच्या कढईत टाका, उरलेला तिथे शिजेल. चाळणीत ओतू नका, थंड पाण्याखाली तर मुळीच धरू नका. पातेल्यातलं ते ढगाळ पाणी अजून लागणार आहे.

त्या पाण्यात पास्त्याचा स्टार्च उतरलेला असतो. पाणी आणि स्निग्ध पदार्थ यांना तो एकत्र धरून ठेवतो, म्हणून सॉस फुटत नाही आणि पास्त्यावर चकाकी येते. आपल्याकडे लग्नाच्या बुफेमुळे 'व्हाइट सॉस' म्हणजे मैदा-लोणी-दूध असं झालंय. त्याची गरज नाही. रोमचा हॉटेलवाला अल्फ्रेदो दि लेलिओ याचा जगभर गाजलेला पास्ता तर लोणी, पार्मेझान चीज आणि गरम पास्ता एवढ्यावरच होता, क्रीमही नाही. १९२० साली हॉलिवूडचे मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स मधुचंद्राला रोमला गेले, त्याच्याकडे जेवले, आणि पुढे त्याला सोन्याचा काटा-चमचा भेट दिला. लोणी-चीजवर जगातली सगळ्यात झगमगती जोडी खूश झाली, तर मैद्याचं ओझं तुम्ही कशाला उचलता?

पण तुमच्या बायकोला हॉटेलात जो आवडतो तो क्रीमचा असणार, तेव्हा थोडं क्रीम घाला. दुकानातल्या २०० मिलीच्या खोक्यातलं निम्मं. आच बारीक करून, पास्ता कढईत आल्यावर. मोठ्या आचेवर उकळलंत तर फाटायची शक्यता आहे. आजच्या दुधाची ताजी साय घुसळून घातली तरी चालते. मात्र फ्रिजमध्ये आईंनी आठवडाभर साठवून विरजण लावलेली सायीची बरणी असते, ती नव्हे. एक तर ती आंबट असते, दुसरं म्हणजे तिच्यात पुढच्या महिन्याचं तूप आहे आणि आधीच मशरूमवरून बरंच झालंय. क्रीमनंतर पळीभर पास्त्याचं पाणी, मूठभर किसलेलं चीज, मिनिटभर हलवणं. सॉस हवा त्यापेक्षा थोडा पातळच ठेवा, ताटात येईपर्यंत तो घट्ट होतो. शेवटी आच बंद करून लिंबाचे चार थेंब.

चीजबद्दल एक गोष्ट शाकाहारी घरात सांगायलाच हवी. अस्सल इटालियन पार्मेझान वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध साकळवणारं द्रव्य, वापरून करतात, त्यांच्या नियमांतच ते आहे. तुमच्या घरात हे चालणार नसेल तर हिरवा ठिपका असलेलं भारतीय कडक चीज घ्या, ते सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटचं असतं. चौकोनी वड्यांचं प्रोसेस्ड चीजही वितळतं छान, पण ते खारट असतं. एकच वडी घाला आणि मीठ चाखून बघा.

बरोबर काय? ओव्हन नसेल तर बेकरीतले लादी पाव आहेतच. मधून कापायचे, लोणी-लसूण चोपडायचा, तव्यावर दाबून भाजायचे. काकडी-टोमॅटोवर लिंबू-मीठ. गोड विकत आणा. एकाच रात्री सगळं स्वतः करायचा हट्ट धरलात तर ती जेवायला बसेल तेव्हा तुम्ही ओट्यापाशी घाम पुसत असाल.

वेळ कशी साधायची? मशरूम आठपर्यंत करून झाकून ठेवा. रोज ती 'ठाणं सोडलं' असा मेसेज करत असेलच. तो आला की पाण्याचं पातेलं झाकण ठेवून शेगडीवर. पाणी उकळलं की आच बारीक करून तसंच ठेवा. ती आली, पर्स ठेवली, मुलीला जवळ घेतलं, हातपाय धुतले, कपडे बदलले. हे सगळं होऊ द्या, 'चल लवकर, गार होतंय' म्हणून मागे लागू नका. ती मोकळी झालेली दिसली की पास्ता टाका. तिथून पंधरा मिनिटांत ताटं समोर. तोवर तिला लिंबू सरबत द्या आणि एका जागी बसवा, स्वयंपाकघराबाहेर. आत आली तर ती सवयीनं फडकं उचलेल.

त्या पंधरा मिनिटांत तिला काही विचारू नका. मिरपूड कुठे आहे, किसणी कुठे आहे, मोठं झाकण कुठल्या कपाटात. तुमच्या घरातली किसणी कुठे असते हे शोधायला तुमच्याकडे आख्खा आठवडा आहे. सगळं दुपारीच ओट्यावर काढून ठेवा. शुक्रवारी घरून काम घ्या, जमलं तर अर्धा दिवस रजाच टाका. आणि आधीच्या रविवारी एकदा नुसती मशरूम परतून पावावर घालून खाऊन बघा. पास्ता काय, तो घड्याळ बघून होतो. सराव लागतो तो मशरूमना.

बसायचं कुठे? बिल्डिंगच्या गच्चीचा विचार तुमच्या मनात येऊन गेला असेल. नको. चार मजले चढेपर्यंत क्रीमचं पिठलं होईल, आणि वर पाण्याची टाकी बघायला कुणीतरी येईलच. बाल्कनी असेल तर कपडे वाळत घालायचा स्टँड तेवढी रात्र आत घ्या, दोन खुर्च्या आणि एक स्टूल मांडा. नसेल तर तुमच्या खोलीत, दार लावून. दार लावायला संकोच करू नका, सात वर्षं झाली आहेत. मेणबत्ती लावली तर पंखा बंद करावा लागेल, आणि डोंबिवलीच्या उकाड्यात पंखा बंद करून प्रेम फार वेळ टिकत नाही. काचेची चिमणी असलेला कंदील मिळाला तर लावा, नाहीतर कोपऱ्यातला छोटा दिवा पुरे. ट्यूबलाइट मात्र घालवा. ताटं खोलगट घ्या आणि पास्त्याच्या उरलेल्या गरम पाण्यानं विसळून पुसा, म्हणजे सॉस लवकर आळणार नाही. दोघांचे फोन दुसऱ्या खोलीत, आईंच्या ताब्यात.

जेवण झाल्यावर भांडी. सकाळी मावशी येणार म्हणून ओट्यावर ढीग ठेवू नका. क्रीमची कढई रात्रभर वाळली की सकाळी घासायला जोर लागतो, शिवाय मशरूमची कढई मावशींनी घासायला घेऊन आईंच्या भांड्यांत मिसळली तर तुमचं सगळं राजकारण पाण्यात. कढई लगेच पाणी घालून भिजवा, अर्ध्या तासानं घासा, ओटा धुवा, तुमची कढई-झारा वेगळ्या कपाटात ठेवा. हे तुम्ही करत असताना ती पाय वर घेऊन आइसक्रीम खात बसलेली असेल, असं बघा.

आणि आईंना दुसऱ्या दिवशी ओटा दाखवायला बोलावू नका. त्या बघतीलच.

– तुमची ताई

ता. क. वाईनचं विचारलंत. दोघं घेत असाल आणि घरात त्यावरून वादळ होणार नसेल तर नाशिकची पांढरी, शेनिन ब्लाँ किंवा सोविन्याँ ब्लाँ, फ्रिजमध्ये गार करून. त्यातलीच अर्धी वाटी लसूण परतल्यावर मशरूमवर ओतून आटवलीत तर मग लिंबू घालू नका, दोन आंबट नकोत. वादळ होणार असेल तर हा विषय काढूच नका, मशरूम एवढा एकच मुद्दा या वर्षी पुरे. सोलकढी मात्र क्रीमच्या पास्त्याबरोबर नको. साधा सोडा-लिंबू, भरपूर बर्फ. बर्फाचा ट्रे गुरुवारी रात्रीच भरून ठेवा.